सुस्थितीतील पंखा

“वाहनाचा हीटर व त्याचा पंखा अपघातसमयी पूर्णतः सुस्थितीत होता. समितीने तो प्रत्यक्ष चालवून खात्री करून घेतली आहे. घाटात काचेवर आतून बाष्प जमत असताना चालकाने पंखा सुरू करण्याची तसदी घेतली नाही. पंख्याविषयी त्याने पूर्वी कोणतीही तक्रार केलेली नव्हती. सबब अपघातास चालक बाळाप्पा हेब्बाळे हा सर्वस्वी जबाबदार असून त्यास सेवेतून दूर करावे.”

करवीर शिलालेख मंडळाच्या चौकशी समितीचा हा निष्कर्ष. मंडळाचे कार्यवाह पृथ्वीराज इंगवले हेच समितीचे अध्यक्ष होते. उरलेल्या दोन सदस्यांनी सह्या केल्या होत्या. त्यांच्याकडून याहून अधिक काही करण्याची कोणाची अपेक्षाही नव्हती.

माझे आयुष्य बनावट ताम्रपट ओळखण्यात गेले आहे. बनावट ताम्रपट लिहिणाऱ्याची एक खोड असते: त्याला जे सिद्ध करायचे असते, त्याबद्दल तो गरजेपेक्षा जास्त खात्रीने बोलतो. खरा राजा गाव दान देतो आणि मोकळा होतो. खोटा राजा ते सूर्यग्रहणाच्या मुहूर्तावर, नदीत उभा राहून, मातापित्यांच्या पुण्यासाठी देतो; आणि मग कोणीतरी चिकाटीने गणित मांडले की कळते, त्या वर्षी ग्रहण झालेच नव्हते.

या अहवालातले न झालेले ग्रहण शोधायला मला गणितही मांडावे लागले नाही. समितीने पंखा “प्रत्यक्ष चालवून” पाहिला तो गणेशोत्सवात. त्या दिवसांत जीपची बॅटरी जीपमध्ये नव्हती. ती मंडळाच्या गणपतीसमोर सजावटीसाठी उभारलेल्या आरसेमहालाखाली होती आणि वीज गेली की तिच्यावर महालातले दिवे लागत. ही युक्ती इंगवल्यांचीच; आरतीनंतर त्यांनी ती आम्हा सर्वांना कौतुकाने सांगितली होती. बॅटरीवाचून पंखा फिरवून दाखवणाऱ्या समितीचा मंडळाने सत्कारच करायला हवा होता.

“तसदी घेतली नाही” या विधानाला एक साक्षीदार होता. अपघाताच्या वेळी चालकाच्या शेजारी बसलेली व्यक्ती मी होते. माझी जबानी समितीने ऐकली, आणि पुढील वाक्यात पुरली: “डॉ. शिवलीला पट्टणशेट्टी या विदुषी असल्या तरी यांत्रिक बाबतीत त्यांचे निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मग पेठेतल्या दुकानातून, तारेत वीज आहे की नाही ते दाखवणारा एक टेस्ट लॅम्प विकत आणला.

*

घडले होते ते असे. आषाढात आम्ही आंबा घाटाखालच्या एका गावातून वीरगळांचे ठसे घेऊन परतत होतो. घाट चढताना पाऊस असा तिरका येत होता की काच उघडी ठेवली तर मांडीवर पाणी आणि मिटली तर समोर पांढरी भिंत. कोल्हापुरात गाडीला हीटर कशाला, असे पुष्कळजण विचारतात. थंडीसाठी नव्हे, या भिंतीसाठी. हीटरचा पंखा गरम कोरडी हवा समोरच्या काचेवर सोडतो आणि आतून धरलेला दमटपणा उडवतो. पंखा नसेल तर पावसाळी घाटात चालकाला दिसतो तो फक्त आपला स्वतःचा श्वास.

बाळाप्पाने पंख्याची कळ फिरवलेली मी पाहिली. एकदा नव्हे, चारही टप्प्यांवर पुढेमागे. काहीच झाले नाही.

“अक्का, पदर द्या जरा काचंवर,” तो म्हणाला. “ह्यो मुडदा उठत न्हाय आज.”

मी पदराने काच पुसत राहिले. पुसलेली जागा हात काढेपर्यंत पुन्हा पांढरी होत होती. “थांबतो बाजूला,” असे म्हणून त्याने वेग कमी केला, डावा दिवा लावला आणि कडेला घेताना पुढचे चाक पाण्याने भरलेल्या चरात गेले. जीप कठड्यावर आदळली. माझा हात मोडला, त्याच्या कपाळाला टाके पडले. कठड्यापलीकडे काय होते ते धुके निवळल्यावर आम्ही दोघांनी वाकून पाहिले, आणि त्याबद्दल पुढे कधी बोललो नाही.

बाळाप्पा गडहिंग्लजच्या बाजूचा. मंडळाच्या जीपवर तो इतकी वर्षे होता की जिल्ह्यातला प्रत्येक शिलालेख त्याला रस्त्याच्या खड्ड्यांवरून ओळखता येत असे. अहवालाची प्रत हातात पडल्यावर तो माझ्याकडे आला आणि चहाला नको म्हणाला, तेव्हाच मला प्रकरणाचे गांभीर्य कळले.

“नोकरी गेली तर गेली, अक्का. पन कागदावर काय लिवलंय बगा की. पंखा हुता आन् मी लावला न्हाय. म्हंजे मी बाईमानसाला शेजारी बसवून आंधळी गाडी हाकली. उद्या कोन मला सायकल तरी हातात दील काय?”

“पंखा बिघडल्याचे तू इंगवल्यांना सांगितले होतेस?”

“सांगितलंतं की. माघात. दारात जाऊन सांगितलं.”

“ते म्हणतात, नाही सांगितले.”

“मग न्हाय सांगितलं,” तो म्हणाला. “सायेब खोटं कशाला बोलतील?” आणि इतक्या कडवटपणे हसला की माझा उरलेला चहाही तसाच राहिला.

“आणि ते काय म्हणाले होते तेव्हा?”

यावर मात्र तो जायला उठला. काहीतरी होते जे त्याला सांगायचे नव्हते. मी आग्रह धरला नाही. शिलालेखातले अक्षर झिजलेले असले तर त्यावर नखाने उकरायचे नसते. प्रकाश बाजूने टाकायचा असतो.

*

अहवाल मंजूर करण्यासाठी कार्यकारिणीची सभा शुक्रवारी दुपारी होती. शुक्रवारी सकाळी मी शिवाजी पेठेतल्या मंडळाच्या इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. जीप तिथेच उभी होती, नाक चेपलेली, अंगावर कबुतरांची कृपा. बरोबर बाळाप्पा होता आणि क्रांती होती.

क्रांती गाड्यांची वायरिंगची कामे करते. तिचे दुकान पेठेतच, तालमीच्या पलीकडच्या बोळात, आणि तिचा आवाज त्या बोळाच्या दोन्ही तोंडांना ऐकू जातो. तिने स्वतःची बॅटरी खांद्यावरून आणली, जीपमध्ये बसवली आणि हात चोळले.

“बोला मॅडम. रेझिस्टर गेलाय. शंभर टक्के. ह्या गाड्यांचा तोच जातो. नवीन टाकू, अर्ध्या तासात मोकळं.”

“रेझिस्टर जळला तर पंख्याचे कोणते टप्पे बंद पडतात?”

“खालचे. वेग कमी करायचं काम त्याचं. फुल्लवर चालतो.”

“घाटात तो फुल्लवरही चालला नव्हता. मी शेजारी बसले होते.”

“मग मोटर गेली.”

“काल रस्त्यावर भेटलीस तेव्हा फ्यूज म्हणाली होतीस.”

क्रांतीने बाळाप्पाकडे पाहिले. “काय ओ, ह्या कायम अशाच?”

“आज मऊ हायेत,” बाळाप्पा म्हणाला.

मी तिला एवढेच सांगितले की आपल्याला पंखा दुरुस्त तर करायचाच आहे, परंतु त्याआधी तो का मेला हे सिद्ध करायचे आहे. आणि सुटा भाग बदलून गाडी सुरू झाली तर कारण त्या भागाबरोबर भंगारात जाते. पोथ्यांच्या चिकित्सेत हाच नियम आहे. चुकीचा शब्द दिसला की पहिला नकलनवीस तो खोडून बरोबर शब्द घालतो आणि चूक कुठून आली हे कायमचे नाहीसे करतो. आपण उगमाकडून खाली येऊ: वीज, फ्यूज, कळ, तार, मोटर. कशाचीही फक्त शंका घ्यायची नाही. प्रत्येकाची जबानी घ्यायची.

“म्हणजे चौकशी समिती,” क्रांती म्हणाली.

“त्यांच्याहून थोडी बरी. आपल्याकडे बॅटरी आहे.”

फ्यूज जळलेला निघाला. क्रांतीने तो उजेडात धरला. आतली तार तुटून टोके काळी पडली होती. पंखा “पूर्णतः सुस्थितीत” असल्याच्या दाव्याचा इथेच अंत झाला होता, पण दाव्यांना मेल्यावरही चालण्याची सवय असते. तिने नवा फ्यूज घातला आणि मला कळ फिरवायला सांगितली. डॅशबोर्डच्या आतून एक दबका हुंकार आला, जणू कोणी तोंडात बोळा असताना ओरडत होते, आणि नवा फ्यूजही गेला.

“आयला,” क्रांती म्हणाली. आता तिचा आवाज प्रथमच शेडपुरता झाला.

तिने मोटरची जोडणी सोडवली, तिसरा फ्यूज घातला आणि कळ चारही टप्प्यांवर फिरवली. फ्यूज टिकला. टेस्ट लॅम्प तारेच्या टोकाला लावला. कळ शेवटच्या टप्प्यावर नेताच तो लख्ख पेटला. म्हणजे वीज येत होती, कळ शुद्ध होती, तार शुद्ध होती. दोष त्यांच्यानंतर होता. मग तिने बॅटरीतून थेट दोन तारा मोटरला लावल्या. पुन्हा तोच हुंकार. तिने लगेच तारा काढल्या.

“मोटर जिवंत हाय. फिरायला बघतीया, पण फिरू दिली जात न्हाय. आत काहीतरी अडकलंय.” तिने डॅशबोर्डवर मूठ आपटली. आतून बारीक खळखळ आली, कोणी सुपात धान्य पाखडावे तशी.

मी बाळाप्पाकडे पाहिले. तो शेडच्या पत्र्याकडे बघत होता.

“काय आहे आत, बाळाप्पा?”

“अक्का, मला नगा इचारू.”

“तुझी नोकरी जात आहे. तुझे नाव जात आहे. आणि आत काय आहे ते तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक हाय म्हनूनच की!” तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. “देवाचं हाय ते. नवमीचं. आता मी कसं सांगू, देवाला वाहिलेलं पंख्याच्या नरड्यात बसलं म्हनून? समितीपुढं जीभच उचलंना. घरात दानम्मा म्हनती, तू गप बस, पुजंवर बोट ठिवू नगं, दुसरं काय वाईट हुईल.” दानम्मा त्याची बायको. “मी सायेबास्नी सांगाय गेलतो ती जाळी उघडू द्या म्हनून. ते म्हनले, अर्पन केलेलं भाईर काडायचं नसतं. मग काय करनार?”

क्रांतीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मी तिचा हात धरला.

“आत्ता नाही. दुपारी. सगळ्यांसमोर.”

*

इथे मंडळाच्या एका विधीविषयी सांगणे भाग आहे.

खंडेनवमीला सारे कोल्हापूर आपापली हत्यारे पुजते: सुतार करवत पुजतो, शिंपी यंत्र, चालक गाडी. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु इंगवले इतिहासकार आहेत आणि इतिहासकाराला सर्वांसारखी पूजा कशी चालेल? काही वर्षांपूर्वी त्यांनी एका व्याख्यानात असा शोध जाहीर केला की पूर्वी नवमीला तोफेच्या मुखात अक्षता, फुले आणि नारळाचे पाणी अर्पण होत असे. मी आधार विचारला. “परंपरा,” ते म्हणाले. कोणत्या काळची, असे विचारले. “प्राचीन,” ते म्हणाले. तोफा प्राचीन काळी कोणी ओतल्या, हे विचारण्याचे मी औचित्यापोटी टाळले.

मंडळाकडे तोफ नाही. मंडळाकडे जीप आहे. तोफेला मुख असते. जीपला ते शोधावे लागले. इंगवल्यांनी ते शोधले: बॉनेट जिथे संपते आणि समोरची काच जिथे सुरू होते तिथे आडव्या फटींची एक जाळी असते. हीटरचा पंखा बाहेरची हवा ओढतो ती तिथून. नव्या गाड्यांत तिच्याखाली गाळणी असते. आमच्या जीपमध्ये नव्हती. “वाहनाचा श्वास येथे आहे,” असे उद्गार काढून त्यांनी पहिली मूठ जाळीत सोडली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि वर्तमानपत्रात छायाचित्र आले. त्यानंतर दर नवमीला अक्षता, झेंडू, कापूर आणि अख्ख्या नारळाचे पाणी, आणि दुसऱ्या दिवशी वर आपट्याची पाने. या “तोफमुखपूजना”वर त्यांनी दोन परिषदांत निबंध वाचला आणि एका संस्थेने त्यांना शालही दिली. जगात इतिहास संशोधकांची मंडळे पुष्कळ असतील. आपल्याच गाडीला इतक्या विद्वत्तेने गुदमरवणारे आमचे एकटेच असावे.

*

इंगवले दुपारी सभेआधीच शेडमध्ये आले. कोणीतरी त्यांना सांगितले असावे. मागोमाग मंडळाची लेखनिक अनुजा होती, हातात इतिवृत्ताची वही घेऊन.

“ताई, हे काय चाललंय? वाहन चौकशीच्या ताब्यात आहे. हात लावायचा नाही कुणी.”

“चौकशी संपली आहे. तुम्ही अहवाल दिला आहे.”

“मग अहवाल मंजूर होऊ दे. नंतर बघू दुरुस्तीचं. ए पोरी, उचल तुझं सामान.”

“पोरी कुणाला म्हणताय, सायेब?” क्रांती म्हणाली. “तुमच्या स्कूटरची वायर मागल्या पावसाळ्यात मीच जोडली. तवा क्रांतीताई म्हणत होता.”

“शेडला कुलूप लावा,” इंगवले कोणाला उद्देशून म्हणाले ते कळले नाही, कारण शेडमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हते.

मी जीपच्या पायरीवर बसले. “मी मंडळाची आजीव सदस्य आहे. मंडळाच्या मालमत्तेची पाहणी करण्याचा हक्क मला घटनेने दिलेला आहे; ती घटना तुम्हीच लिहिली आहे आणि त्यातील तेवढे एकच कलम सुबोध आहे. कुलूप लावायचे असेल तर मला आत ठेवून लावा. सभा वर भरेल, तुम्ही अहवाल वाचाल, आणि खालून माझा आवाज येत राहील. माझा आवाज क्रांतीइतका नाही, पण क्रांतीही इथेच असेल.”

“तुम्ही एका ड्रायव्हरसाठी मंडळाची अब्रू...”

“मंडळाची अब्रू या डॅशबोर्डच्या आत आहे. ती सर्वांसमक्ष काढून बघू या. पंखा सुस्थितीत असल्याची तुम्हाला खात्री आहे ना? तुम्ही तो चालवून पाहिला आहे. मग भीती कशाची?”

तोवर सदस्य जमू लागले होते. पेठेत दोघे चढ्या आवाजात बोलू लागले की तिसऱ्याला निमंत्रण लागत नाही. आता माघार घेणे म्हणजे बघण्यासारखे काहीतरी आहे हे मान्य करणे होते. इंगवल्यांनी हाताची घडी घातली. “उघडा,” ते म्हणाले. “होऊन जाऊ दे.”

क्रांतीने डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा काढला, त्यामागचे स्क्रू सोडवले आणि गोल, पिंजऱ्यासारखा पंखा मोटरसकट खाली ओढला. तो सुखासुखी आला नाही. आला तेव्हा त्याच्याबरोबर खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर आतले सारे ओघळले. कुंकवाने लाल झालेले तांदूळ, नारळाच्या पाण्यात फुगून, आंबून, वाळून दगड झालेले. झेंडूच्या पाकळ्यांचा काळा लगदा. आपट्याची पाने, अजून जोडीजोडीने. पिंजऱ्याच्या पात्यांमध्ये सारे गच्च बसले होते. मोटरच्या खालच्या बाजूला पाण्याचे ओघळ होते आणि त्या ओघळांवर हिरवा गंज.

बाळाप्पाने चप्पल काढली आणि वर्तमानपत्राला हात जोडले. मग तो मागे सरून उभा राहिला.

“पात्यात हे अडकलं,” क्रांतीने सगळ्यांना दाखवले, “पंखा जड झाला. मोटरनं जोर लावला. जोर लावला म्हणजे करंट जास्त ओढला, आणि फ्यूज उडाला. एका दिवसात न्हाय हे. कैक महिने कुथतकुथत चालला असणार बिचारा.”

तिने लगदा काठीने सोडवला, पाती ब्रशने घासली, बेअरिंगमध्ये तेलाचे थेंब सोडले आणि पिंजरा बोटाने फिरवला. तो फिरत राहिला. मोटर बसवून नवा फ्यूज घातल्यावर पंखा सर्वांत वरच्या टप्प्यावर सुरू झाला, खालच्या तिन्हींवर नाही.

“बघा मॅडम, रेझिस्टर!” ती विजयाने ओरडली. “म्हटलं होतं की नाय!”

“म्हटले होतेस. तोही गेला आहे. आता बदल.”

रेझिस्टर याच हवेच्या वाटेत बसवलेला असतो. त्याच्या पट्ट्या नारळाच्या पाण्याने खाऊन टाकल्या होत्या. नवा घातल्यावर चारही टप्पे बोलू लागले. मग क्रांतीने तालमीजवळच्या टपरीवरून उकळत्या चहाची मोठी किटली मागवली, ती जीपमध्ये ठेवून झाकण उघडले, काचा मिटल्या आणि इंजिन सुरू करून ते तापू दिले. समोरची काच पाहता पाहता पांढरी झाली. आंबा घाटात होती तशी. बाळाप्पा आत चालकाच्या जागेवर बसला. बाहेरून तो दिसेनासा झाला. त्याने कळ फिरवली. काचेच्या तळाशी एक स्वच्छ चंद्रकोर उमटली, वाढली, आणि तिच्यात आधी त्याचे हात दिसले, मग कपाळावरची टाक्यांची खूण, मग डोळे.

अहवालावर सही करणाऱ्या दोघांपैकी एकजण म्हणाले, “म्हणजे घाटात हा बंदच होता तर.”

“बंद होता,” इंगवले पटकन म्हणाले. त्यांची ही हुशारी मला नेहमीच थक्क करते. “मी मान्य करतो. नवी वस्तुस्थिती पुढं आली. पण मग बंद पाडला कुणी? वाहन कुणाच्या ताब्यात होतं? चालकाच्या. आत फुलं-तांदूळ कोंबले कुणी? चालक रोज सकाळी गाडीला फूल वाहतो, सगळ्यांनी बघितलंय. उलट दोष वाढला. आधी नुसता निष्काळजीपणा होता, आता वाहनाची नासधूस आली. अनुजा, लिहा.”

बाळाप्पा जीपमधून उतरला. “सायेब, मी फूल आरशाला लावतो. एक. जास्वंदीचं.”

“लिहा,” इंगवले म्हणाले.

मला राग आला नव्हता. राग अहवाल वाचताना येऊन गेला होता. त्यानंतर होता तो बर्फ, आणि बर्फावर नीट उभे राहता येते.

“अनुजा, अवश्य लिही,” मी म्हणाले. “कार्यवाहांचे म्हणणे महत्त्वाचे आहे आणि ते नेमकेपणाने नोंदले जावे. वाहनाच्या मुखात अक्षता, झेंडू, आपटा आणि नारळाचे पाणी अर्पण करण्याची प्रथा मूळची श्री. बाळाप्पा हेब्बाळे यांची आहे. ती ते स्वतः पाळत आले. तोफमुखपूजन म्हणून जो विधी मंडळात प्रसिद्ध आहे तो या चालकाच्या घरगुती रिवाजावरून घेतलेला असून, त्यावर परिषदांत वाचलेल्या निबंधांत हा उगम नमूद करावयाचा राहून गेला. पुढील परिषदेत तशी दुरुस्ती मी स्वतः मांडीन. जिथे शाल मिळाली त्या संस्थेलाही कळवीन. शाल गडहिंग्लजच्या पत्त्यावर पाठवता येईल.”

अनुजाची लेखणी थांबली. सदस्यांपैकी एकजण हसला आणि त्याने ते खोकल्यात दडवले. दुसरा, ज्याला इंगवल्यांनी त्या निबंधाची प्रत सहीनिशी भेट दिली होती, म्हणाला, “अरेच्चा. म्हणजे ते ह्यांच्या गावचं होय?”

“काय तर मग,” क्रांती म्हणाली. “बाळाप्पामामा, तुम्ही इतिहासकार निघालासा की ओ!”

“मला काय ठावं,” बाळाप्पा म्हणाला. “सायेब म्हनत्यात तर असंल.”

इंगवल्यांच्या समोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही मी स्वच्छ झाडून ठेवल्या होत्या. पूजेचे साहित्य चालकाचे, तर विधी चालकाचा. विधी आपला, तर साहित्यही आपले. एका बाजूला माणसाची भाकरी आणि नाव, दुसऱ्या बाजूला शाल. त्यांचा चेहरा पाहता पाहता लाल झाला. मला त्यांच्या निवडीविषयी क्षणभरही शंका नव्हती. विद्वानाला मी विद्वानाइतके ओळखते.

“थांबा! खोडा ते!” ते अनुजावर ओरडले. मग सर्व सदस्यांकडे वळले, छाती काढून, व्याख्यानाला उभे राहावे तसे. त्यांचे बोलणे अनुजाने जसेच्या तसे उतरवले, तिथेच मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी मान हलवून ते बरोबर असल्याचे सांगितले. सभा वर भरलीच नाही. अहवालाच्या जागी इतिवृत्तात आता तेवढेच आहे. त्यातील एकही शब्द मी बदललेला नाही:

“तोफमुखपूजन हा विधी माझा आहे, संपूर्णपणे माझा, आणि कुठल्याही ड्रायव्हरचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. अक्षता, झेंडू, आपटा आणि नारळाचं पाणी त्या जाळीत दरवर्षी मी स्वतः घालतो, माझ्या ह्या हातानं; दुसऱ्या कुणाला तिथं बोटसुद्धा लावू देत नाही. हा बाळाप्पा माघात माझ्या दारात आला होता, पंखा अडकतोय, जाळी उघडू द्या म्हणून, तेव्हाही मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला, कारण अर्पण केलेलं बाहेर काढायचं नसतं, हे मी ठरवलेलं आहे.”